भांडी चार, दूषित शून्य

"पाहुण्यांना म्हणावं, अजून एक घ्या," स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आवाज आला.

"घ्या अजून एक," खडके म्हणाले.

"नको, खरंच नको. तीन झाल्या."

"तीनच झाल्यात म्हणावं," पडद्यामागून उत्तर आलं, आणि चौथी शेंगापोळी माझ्या ताटलीत पडली. वर तुपाची धार. पोळी गरम होती, तूप घरचं होतं आणि मी चोवीस वर्षांचा होतो. मी खाल्ली.

माझ्या पायाशी कामाची पिशवी होती. तीत टॉर्च, पाणी काढून बघायचा पांढरा डाव, अळीनाशकाची बाटली, खडू आणि नोंदवही. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत मी अकरा महिन्यांच्या करारावर डासांच्या अळ्या तपासायला होतो. लोक आम्हाला मलेरियावाले म्हणत. रोज पन्नास घरं करायची. घराचं पुढचं-मागचं अंगण बघायचं, पाणी साठलेलं प्रत्येक भांडं बघायचं. पिंप, हौद, कुंडीखालची बशी, कुत्र्याची थाळी, गच्चीवर टाकून दिलेलं टायर. अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायचं आणि घरमालकाच्या शिव्या खायच्या. मग फाटकाच्या खांबावर खडूनं लिहायचं: तारीख, भांडी किती, त्यातली दूषित किती, आणि खाली सही.

दर मंगळवारी माझ्याकडं पाटबंधारे कॉलनी होती. त्या कॉलनीत रंगनाथराव खडके राहायचे आणि त्यांच्या धाकट्या मुलीशी, शैलजाशी, माझं लग्न ठरलं होतं. सव्वीस नोव्हेंबरचा मुहूर्त. माझा करार नोव्हेंबरातच संपत होता. पण तो दरवर्षी वाढतो, वाढतोच, असं माझ्या मामानं बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं. खडक्यांना नोकरीतला जावई हवा होता आणि मला शैलजा हवी होती. बघायला गेलो तेव्हा तिनं फक्त एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला स्वतःला डास चावतात का?" त्या प्रश्नावर मी जो भाळलो, तो भाळलोच.

तर पहिल्या मंगळवारी मी नियमाप्रमाणं म्हणालो, "मागं जरा बघून घेतो."

आता त्या घराची रचना अशी, की दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती टेकलेल्या. बोळ म्हणून नाही. मागच्या अंगणात जायचं तर बैठक ओलांडून स्वयंपाकघरातूनच जायचं, आणि स्वयंपाकघरात शैलजा. त्यामुळं मी 'मागं बघतो' म्हणालो तेव्हा मला काय बघायचं आहे ते सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. पडद्याआड बांगड्या वाजल्या, कोणीतरी खुदकन हसलं. खडके खाकरले.

"असं बघा पाहुणे," ते म्हणाले, "लग्नाआधी जावयानं बैठकीच्या पलीकडं जायचं नसतं. आमच्यात तरी नाही जात. आणि पाण्याचं म्हणाल, तर चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो मी. सगळं झाकलेलं आहे. बसा."

मी बसलो. कान तापले होते. त्या दिवशी सुशीला होता, चुरमुऱ्यांचा, वर खोबरं-कोथिंबीर.

बाहेर येऊन खडू हातात घेतला तेव्हा खरी पंचाईत झाली. घर तपासलं नाही तर लिहायला आम्हाला दोनच शेरे दिलेले होते: 'बंद' आणि 'नकार'. घर तर उघडं होतं. आणि होणाऱ्या सासऱ्याच्या खांबावर मोठ्या अक्षरांत 'नकार' लिहून खाली माझी सही? कॉलनीनं काय अर्थ काढला असता? मी इकडंतिकडं बघितलं आणि लिहिलं: भांडी ४, दूषित ०. चार का, तर आमच्या गावात नळ पाचव्या दिवशी यायचा. एकही भांडं भरलेलं नाही असं घर कोणालाच खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या मंगळवारी इकडंतिकडं बघितलंही नाही. तिसऱ्या मंगळवारी मी आत जाण्याआधीच खांबावर लिहून मोकळा झालो, म्हणजे खाणं झाल्यावर उन्हात उभं राहायला नको.

खडके माणूस गोष्टीवेल्हाळ. मी खात असताना ते कालव्याची गोष्ट सांगत. एकदा भर पावसात कालवा फुटायला आला होता. ऑफिसात बसून पाण्याच्या पातळीचा आकडा अंदाजानं टाकता आला असता, कोणाला कळलं असतं? पण खडके स्वतः पाण्यात उतरले आणि दगडावरची पट्टी डोळ्यांनी वाचून आले. पहिल्या मंगळवारी ते पाणी गुडघ्याइतकं होतं. पाचव्या मंगळवारपर्यंत ते गळ्याशी आलं. "आकडा म्हणजे आकडा, पाहुणे," ते शेवटी म्हणत, आणि मी भरल्या तोंडानं मान डोलावत असे.

असे एकामागून एक मंगळवार जात राहिले. लग्नाच्या शर्टाचं माप मला दोनदा द्यावं लागलं.

आणि ऑक्टोबरात चिकुनगुनिया आला.

ज्यांनी ती साथ पाहिली नाही त्यांना ती सांगून पटत नाही. ताप दोन दिवसांत उतरायचा, पण सांधे धरले जायचे ते महिनोन्महिने. पाटबंधारे कॉलनीतली धडधाकट माणसं सकाळी दूध आणायला ओणव्यानं चालायची. दोन शेजारी समोरासमोर आले तर नमस्काराला हात जुळायचे नाहीत, नुसते कोपर हलायचे. निवृत्त अभियंते जिन्याची एकेक पायरी बसून उतरत. हसू यायचं आणि हसलं तर पाप लागेल असंही वाटायचं. सबंध गावात पेशंट होते, पण सगळ्यात जास्त खडक्यांच्या गल्लीत. वीस घरं आणि सतरा पेशंट.

डास त्याच गल्लीत कुठंतरी होत होते आणि माझ्या नोंदवहीप्रमाणं त्या गल्लीत एकही दूषित भांडं नव्हतं.

मी सगळा संशय लोहकरे बाईंवर घेतला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, खडक्यांच्या बरोब्बर समोर राहायच्या. त्यांच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, त्यात मीच सोडलेले गप्पी मासे होते, पाणी आरशासारखं होतं. तरी मी तो तीनदा उपसायला लावला. वर नोटीस दिली. तिसऱ्यांदा उपसत होतो तेव्हा बाई पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"सापडलं का काही, ढवळे?"

"नाही बाई. पण डास कुठूनतरी येतातच ना."

"माझ्याकडं येतात. माझ्याकडून जात नाहीत. एवढा फरक कळतो का तुम्हाला?"

"नियम आहे बाई, काय करणार."

"नळ परवा येणार. तोवर आंघोळीला काय, तुमचा नियम घेऊ?" त्यांनी समोरच्या फाटकाकडं बघितलं. "माझ्या घरी तुम्ही दहा मिनिटं असता. समोर पाऊण तास. मोठी तपासणी असते वाटतं."

"मोठं घर आहे ना ते."

"असेल. वास मात्र भज्यांचा येतो."

बाईंनी पस्तीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडल्या होत्या. त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रिक्षा करून ऑफिसात नेऊन दिली.

आमचे सुपरवायझर सोनटक्के साहेब. शांत माणूस, ओरडायचे नाहीत. त्यांनी माझी नोंदवही उघडून पुढं ठेवली.

"सतरा पेशंट आणि अळी एक नाही. डास काय एसटीनं येतात, ढवळे?"

मी नोंदवहीचं पान उलटलं. तिथंही शून्यच होतं.

"मंगळवारी अकरा वाजता मी स्वतः येतोय. तोवर घर शोधून ठेवा. नाहीतर पुढचा करार विसरा."

म्हणजे करार गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की सव्वीस तारीख गेली. त्या चार दिवसांत मी गल्ली पिंजून काढली. पत्र्यावर चढलो, एकदा पत्र्यावरून पडलो. नारळाच्या करवंट्या पालथ्या केल्या, कुलरच्या टाक्या उघडल्या, एका घरी फ्रिजमागची ताटली ओढून काढताना फ्रिजच अंगावर घेतला. एकोणीस घरं धुंडाळली. गल्लीत घरं वीस होती. हे गणित तुला सुटलं कसं नाही, असं कोणी विचारेल. सुटलं होतं. उत्तराकडं बघायचा धीर होत नव्हता.

सोमवारी दुपारी मेडिकलच्या दुकानासमोर शैलजा भेटली. हातात गोळ्यांची पुडी आणि शेकायची रबरी पिशवी. ठरल्यापासून आम्ही एकमेकांशी वीस-पंचवीस वाक्यं बोललो असू. मी केस सारखे केले.

"कोणाला बरं नाही?" मी विचारलं.

"आईला. आठ दिवस झाले. बोटं वळत नाहीत तिची." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "गेल्या मंगळवारची थालीपीठं मी केली होती. चार खाल्लीत तुम्ही."

"छान होती," मी म्हणालो, आणि म्हणता क्षणी जीभ चावली.

"एक विचारू? आमच्या खांबावर तुम्ही काय लिहिता?"

"भांडी किती, आणि त्यातली दूषित किती."

"आमची भांडी किती आहेत?"

"चार."

"कुठली चार?"

मी दुकानाच्या पाटीकडं बघितलं. पाटीवर काही मदत लिहिलेली नव्हती.

"एकतीस आहेत," शैलजा म्हणाली. "रोज संध्याकाळी पोती टाकून मीच झाकते. पोतं उचललं की डास तोंडावर येतात. पप्पांना तीनदा सांगितलं मी. ते म्हणतात, सरकारी माणूस दर आठवड्याला येऊन तपासून जातो, त्यानं शून्य लिहिलंय, तू त्याच्यापेक्षा शहाणी का?"

भर उन्हात मला गार वाटलं. माझं ते शून्य नुसतं खांबावर बसून राहिलं असेल असं मी समजत होतो. ते घरात जाऊन तिला गप्प करत होतं.

"आधी सांगायचं ना," मी पुटपुटलो.

"कधी? पडद्यातून?" तिनं पुडी पदराखाली घेतली. "उद्या मंगळवार आहे. जेवायला येणार असाल तर मेथीचे धपाटे आहेत. काम करायला येणार असाल तर मागच्या दाराची कडी मी काढून ठेवते. काय ते तुम्ही ठरवा." आणि ती निघून गेली.

मला ठरवायला काही फारसं नव्हतं असं आता म्हणता येतं. त्या रात्री मात्र मी सगळे हिशोब मांडले. खडक्यांच्या घरी अळ्या आहेत असं लिहिलं, तर आठ वेळा शून्य लिहिणारा मीच. नोकरी जाणार. वर सासऱ्याच्या घराला नोटीस आणि दंड. लग्नही जाणार. नाही लिहिलं, तर नोकरी तशीही जाणार आणि शैलजा मला ओळखून बसलेली. कुठूनही मोजलं तरी बाकी काही उरत नव्हतं.

मंगळवारी दहा वाजता मी खडक्यांच्या दारात उभा राहिलो.

"या, या, पाहुणे. बसा. आज धपाटे आहेत," खडके म्हणाले.

"आज मी काही घेणार नाही."

आत तव्यावरचा आवाज थांबला.

"बरं, चहा?"

"चहाही नाही."

खडके हळूच खुर्चीत टेकले. होणारा जावई चहाला नाही म्हणाला की आमच्याकडं त्याचा एकच अर्थ घेतात.

"काय चुकलं आमचं?" त्यांनी विचारलं. "मानपानाचं काही राहिलं का? मोकळेपणानं बोला. गाडी हवी होती का? तुमचे मामा तर म्हणाले, आमचं काही मागणं नाही."

"गाडी नको मला."

"मग काय पाहिजे?"

"मागचं अंगण," मी म्हणालो.

खडके उठून उभे राहिले. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"ती जागा माझ्या नावावर आहे," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आणि माझ्यामागं दोन्ही पोरींच्या नावावर होईल. असलं मागणं करायला तुम्हाला—"

"बघायचंय! बघायचंय नुसतं!" मी जवळजवळ ओरडलो. "पिंपं तपासायची आहेत."

"तपासलीत की. आठ वेळा तपासलीत."

"नाही तपासली. एकदाही नाही."

त्यांना ते वाक्य समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. मी पडदा बाजूला केला आणि आत गेलो. होणाऱ्या सासूबाई पाटावर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, बोटं अर्धवट मिटलेली. गेले दोन महिने त्या मला भरवत होत्या आणि त्यांचा चेहरा मी धड आज बघत होतो. त्यांनी डोक्यावरून पदर ओढायचा प्रयत्न केला, तो बोटांत धरला जाईना. मला रडू आलं. शैलजा चुलीपासून बाजूला झाली. मागच्या दाराची कडी काढलेली होती.

मागचं अंगण म्हणजे खडक्यांनी निवृत्तीनंतर उभा केलेला कालवाच होता. नळाशी मोठी लोखंडी पिंपं, मग प्लास्टिकची, मग दगडी डोण्या, मग डबे, आणि शेवटी लिंबाच्या झाडाशी एक फुटका टब. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नंबर, आणि आतल्या बाजूनं सेंटिमीटरच्या खुणा. भिंतीवर पाटी टांगलेली, तिच्यावर सकाळ-संध्याकाळच्या पातळ्या. थेंब वाया गेलेला त्यांना खपत नसे. नळ आला की ते पिंपं वरून भरत. रिकामं एकही करत नसत, कधीच.

पहिलं पोतं उचललं आणि पाचपन्नास डास माझ्या बाहीत शिरले. टॉर्च मारली. पाणी वळवळत होतं. उजेड पडला तशा अळ्या भराभर खाली गेल्या आणि श्वासाला पुन्हा वर आल्या.

"हे काय आहे?" माझ्या खांद्यामागून खडके म्हणाले.

"अळ्या. हे आठ-दहा दिवसांत डास होतात."

"पण मी रोज दोनदा बघतो! सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला!"

"पप्पा, तुम्ही पट्टी बघता," दारातून शैलजा म्हणाली.

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं. मी एकेक भांडं केलं. पाऊण तास लागला, म्हणजे दर मंगळवारी मी त्या घरात बसायचो तेवढाच. मग पुढं येऊन खांबापाशी गेलो. खांबावर माझ्या आठ ओळी होत्या, अक्षर सुरेख. खाली नववी लिहिली: भांडी ३१, दूषित २७. दि. ढवळे.

खडके मागोमाग आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.

"चार?" ते म्हणाले. "चार कुठून आणलीत?"

"अंदाजानं."

"अंदाजानं." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "न बघता."

"तुम्हीच बसवून ठेवलंत हो मला," मी म्हणालो. "जायला निघालो होतो मी. तुम्ही म्हणालात, बसा."

"बसवलं मी. कबूल. लिहिलं कोणी?"

मी खांबावरच्या माझ्या सह्यांकडं बघितलं.

"या शून्याच्या जोरावर मी पोरीला तीनदा गप्प बसवलं," त्यांचा आवाज फाटला. "हिची बोटं वाकडी झाली, तेव्हाही म्हणालो, आपल्या घरातून नाही, बाहेर लिहिलंय बघ जा. समोरच्या बाईंना नोटीस आली तर मी मनात म्हणालो, बरं झालं, गलिच्छपणा करतात. चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली न बघता आकडा टाकणारे दोघं निघाले. दोघांनाही मी घरी पाठवलं. त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ होता."

मी मान खाली घातली. सगळं संपलं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"टॉर्च द्या," ते म्हणाले.

"काय?"

"टॉर्च. आणि तो डाव."

दोन्ही घेऊन ते आत गेले. मी फाटकाशी उभा. समोर लोहकरे बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. शैलजा बैठकीच्या दारात आली.

"पळू नका," ती हळू आवाजात म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी खडके बाहेर आले. सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजलेल्या, कपाळावर डास चावल्याची गांधी.

"एकोणीस नंबर तुम्ही वरून बघितलात," ते म्हणाले. "तळाला गाळ आहे, त्यात आहेत. हात घालावा लागतो. खडू आणा."

मी खडू दिला. त्यांनी माझ्या २७ वर आडवी रेघ मारली, शेजारी २८ लिहिलं, आणि स्वतःच्या खांबावर, स्वतःच्या घराविरुद्ध, माझ्या सहीखाली सही केली: रं. खडके, निवृत्त कालवा निरीक्षक.

बरोबर अकराला सोनटक्के साहेबांची स्कूटर आली. त्यांनी स्कूटर लावली, खांब वाचला. आठ शून्यं वाचली, मग नववी ओळ वाचली, मग दोन्ही सह्या वाचल्या.

"हे वरचे आठ?" त्यांनी मला विचारलं.

"खोटे आहेत, साहेब. मी आत गेलोच नव्हतो."

"आणि खालचा?"

"खालचा खरा आहे," खडके म्हणाले. "मी ताळा केलाय."

सोनटक्के साहेब आत जाऊन आले. खडक्यांच्या हातात नोटीस दिली, त्यांनी ती नीट वाचून घडी करून खिशात ठेवली. मग साहेब रस्ता ओलांडून लोहकरे बाईंकडं गेले, त्यांची नोटीस परत मागून घेतली आणि तिथंच फाडली. बाई काहीतरी म्हणाल्या, साहेबांनी मान डोलावली. परत येऊन त्यांनी माझ्यापुढं हात केला.

"पिशवी द्या, ढवळे. पुढचा करार नाहीच, पण चालू महिन्यालाही उद्यापासून येऊ नका. तुम्ही आज खरं लिहिलंत, चांगलं केलंत. पण सतरा माणसं वाकलीत."

"अठरा," खडके म्हणाले. "आमच्या घरातली धरली नाहीत तुम्ही."

मी पिशवी दिली. साहेबांनी ती स्कूटरला अडकवली. ते निघता निघता थांबले, खडक्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघितलं, दारातल्या शैलजाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हा मुलगा तुमच्या नात्यातला आहे का? तसं असेल तर आधी सांगायचं होतं. आम्ही दुसरा माणूस पाठवला असता. कोण लागतो हा तुमचा?"

शैलजानं दाराची चौकट धरली होती. मला वाटलं, आपणच सांगून टाकावं, कोणी नाही म्हणून, म्हणजे त्यांना तरी सांगावं लागणार नाही.

खडक्यांनी एक बाही पिळली. मग दुसरी पिळली. चौतीस वर्षं अचूक नोंदी करणाऱ्या माणसाला उत्तराची घाई नव्हती.

"आजच्या तारखेला कोणी नाही," ते म्हणाले. "सव्वीस नोव्हेंबरपासून जावई."